मालक राहतो ते घर

२ मार्च १९५८, रविवार. दौंड.
आजपासून रोजनिशी. एप्रिलअखेर रिटायर होतोय. आयुष्यभर पार्सल ऑफिसात दुसऱ्यांच्या गाठोड्यांवर नंबर टाकले, आता स्वतःच्या विचारांवर टाकणार. ही वही कोणी वाचायची नाही. तसं दयाला बजावलं. ती तांदूळ निवडत होती, तिनं वर पाहिलं नाही.

पहिला विचार, नंबर एक: भाडेकरू घर वापरतो, मालक घर जपतो. म्हणून भाड्याचं घर कोणतं आणि मालक राहतो ते कोणतं, हे रस्त्यावरूनच कळलं पाहिजे. या विषयावर बोलायचा अधिकार माझ्याइतका कोणाला नाही. दौंडात मी साखरबाईंचा भाडेकरू आहे आणि घोडनदीला म्हस्कू ठोंबऱ्याचा घरमालक. (घोडनदी म्हणजेच शिरूर. सरकार शिरूर म्हणतं, आम्ही घोडनदी.) दोन्ही बाजूंनी पाहिलेला माणूस.

घोडनदीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत यावर व्याख्यान द्यायचं ठरवलं. पाळकसाहेबांना पत्र टाकलं. विषय: भाड्याची व मालकीची घरे, त्यांची स्थिती. आधी दौंडात सर्व्हे. सिस्टिमॅटिक.

९ मार्च, रविवार.
सर्व्हे सुरू. प्रार्थनेनंतर गार्ड पीटरच्या घरी. घर त्याच्या मालकीचं, आत तोच राहतो. रस्त्याकडची भिंत गरोदर बाईसारखी पुढे आली आहे. तिला रेल्वेचा स्लीपर टेकू म्हणून लावलाय. पीटर म्हणाला, हा टेकू त्याच्या लग्नापासूनचा आहे.
जरा विचार केला. पीटर महिन्यातले पंधरा दिवस लाइनवर असतो. म्हणजे मालक असला तरी तो घरात राहतो असं म्हणता येत नाही. हे घर भाड्याच्या खात्यात टाकलं.
नंतर टाकीजवळच्या चाळीत एका फिटरची खोली. भाड्याची. जमीन अशी सारवलेली की तिच्यावर भाकरी थापावी. दाराला हिरवा रंग. रंग रेल्वेच्या डब्याचा वाटला. चोरीच्या मालावर थिअरी उभी राहत नाही. बाद.
एकंदरीत सर्व्हे थिअरीच्या बाजूनं चाललाय.

१६ मार्च.
अवकाळी पाऊस. खाट हलवली.
हे लिहून ठेवणं जरूर आहे. आमचं घर म्हणजे साखरबाईंच्या घराचाच अर्धा भाग. एकच धाबं, वर मातीचं सपाट छप्पर, मधे एक भिंत. भिंतीपलीकडे साखरबाई राहते, तिथं थेंब नाही. अलीकडे आम्ही, इथं पाऊस बाहेर थांबला तरी आत तासभर चालतो. छप्पर एक, माती एक, पाऊस एक. फरक फक्त मालकीचा. यापेक्षा मोठं प्रूफ कुठलं?
साखरबाई दारात येऊन वर बघून गेली. बाबू, तुमच्याकडं लईच पानी लागतंय की, म्हणाली. आवाजात कळवळा होता.
दयाला ओल सोसत नाही. दमा. पावसात तिची खाट आधी चुलीजवळ, मग दाराजवळ, मग पुन्हा चुलीजवळ. बावीस वर्षं हेच. आज मी तिला शब्द दिला: घोडनदीला आपल्या घरात खाट एकदा ठेवली की पुन्हा हलवायची नाही. ती म्हणाली, हा शब्द तुम्ही घर घेतलं तेव्हाही दिला होता. बायकांच्या लक्षात नको ते राहतं.

६ एप्रिल, ईस्टर. घोडनदी.
प्रार्थना इथेच केली आणि मग घरी, म्हणजे माझ्या घरी, म्हस्कूला नोटीस द्यायला गेलो. भाडेकरू सहजासहजी निघत नसतो. कायद्याचे सगळे पॉइंट आरशासमोर पाठ केले होते. मालकाची स्वतःची गरज, वगैरे. आवाज चढवायचा कुठे, तेही ठरलं होतं.
म्हस्कूनं ऐकून घेतलं. म्हणाला, व्हय आप्पा, तुमचं घर, तुम्ही या. आमचंबी निमोण्याला दोन खणांचं घर उठतंय, भितीपातूर आलंय. मग त्यानं बायकोला चहा ठेवायला सांगितलं.
पाठ केलेले पॉइंट वाया गेले. परतताना डोकं दुखत होतं.

म्हस्कूची माणसं मूळची मेंढरांमागे फिरणारी. त्याच्या आज्याला घर असं नव्हतंच. हा घोडनदीच्या बाजारात घोंगड्या विकतो आणि निमोण्याला थोडी शेती करतो. अशा माणसाच्या हातात आठ वर्षं घर होतं. तेव्हा कंडिशन नीट पाहिली. ओटा सारवलेला. पन्हळीला नवा पत्रा. मागच्या दाराची कडी, जी घर घेतानाच तुटलेली होती, ती बसवलेली. आतून छताच्या तुळया तेल दिल्यासारख्या काळ्या.
हे थिअरीच्या विरुद्ध आहे असं पीटर म्हणेल. तसं नाही. ही सगळी मालकाची जरब. दर मे महिन्यात मी दौंडाहून म्हस्कूला पोस्टकार्ड टाकत होतो: पावसाळा जवळ आला, धाब्यावर माती भरपूर घालणे. दया याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणते. पण शेळ्या चालल्याच की नाही?

पाळकसाहेब भेटले. व्याख्यान जुलैअखेर ठेवू म्हणाले. उत्साह दाखवला नाही, पण ते मितभाषी आहेत.

२० एप्रिल. दौंड.
साखरबाईच्या मनाचा मोठेपणा! आज तिनं मजूर लावून आपल्या बाजूच्या धाब्यावरची जुनी माती खरवडून काढली आणि सगळी आमच्या बाजूला टाकली. फुकट. आम्ही पंधरा दिवसांत जाणार हे माहीत असून. मी आभार मानले. ती जरा गोंधळली.
दया म्हणाली, अहो, ती मेलेली माती आहे. पाऊस खाऊन खाऊन तिच्यातला चिकटपणा गेला की ती उतरवतात, उकिरड्यावर टाकतात आणि नवी पांढरी घालतात. बाईनं उकिरडा आपल्या डोक्यावर केला.
दया धाब्याच्या घरात वाढली, म्हणून तिला असं वाटतं. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलो, कौलांखाली. माझी दृष्टी मोकळी आहे. माती ती माती. जास्त माती म्हणजे जास्त घर.

३० एप्रिल.
रिटायर. हार, पेढे, दोन भाषणं. पीटर रडला, पण तो कोणाच्याही निरोपाला रडतो. ऑफिसनं छत्री दिली. घड्याळाची अपेक्षा होती. छत्री चांगली आहे, मुठीला पितळ. पण स्वतःच्या घरात राहणाऱ्या रिटायर माणसाला छत्री कशाला? सामानात तळाशी घातली.

५ मे. घोडनदी.
स्वतःच्या घरातून लिहितोय. तेही रागानं.
सकाळच्या एस.टी.नं निघालो. खाट टपावर. कंडक्टरनं कुरकुर केली, त्याला सांगितलं, ही खाट आता शेवटची हलते आहे.
इथं येऊन पाहतो तर भिंतीशी मातीचा ढीग, पुरुषभर उंच. शिडी लावून वर गेलो. धाबं उघडं! माती काढून नेलेली, नुसता मुरमाचा थर. दरोडाच. नोटीस दिल्याचा सूड. वर वर व्हय आप्पा, आणि जाताना घराचं कातडं सोललं.
म्हस्कू सामान घेऊन निमोण्याला गेला होता. किल्ली द्यायला त्याची बायको म्हाळसा थांबली होती. तिचं म्हणणं असं की, जुनी माती मेली व्हती, दर तिसऱ्या वर्साला काडतोच आमी. जायच्या आदी काडून देऊ म्हणलं, तुमास्नी वझं नगं. इनामगावाकडच्या पांढरीची माती सांगितलीया, माजा भाऊ भिमा गाडी घिऊन यील.
मी तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं. भाडेकरू कोण, मालक कोण, आणि दुसऱ्याच्या घराला हात लावणाऱ्याला कायदा काय म्हणतो, सगळं. आरशासमोरचे पॉइंट अखेर कामी आले.
तिनं किल्ली ओट्यावर ठेवली. जाण्याआधी आमचा रिकामा रांजण विहिरीच्या पाण्यानं भरला. दया तिला कोपऱ्यापर्यंत पोचवून आली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. प्रवासाचा शीण असावा.

८ मे.
भिमा दोन बैलगाड्या पांढरी माती घेऊन आला. परत पाठवल्या. तो म्हणाला, पैसं नगं आप्पा, माती देवाची हाय, दाजीनं सांगितलंया म्हून आणली. मी म्हणालो, मालकाला भाडेकरूच्या मातीची गरज नाही. बैलसुद्धा वळायला तयार नव्हते, चढण होती ना.
दया दारात उभी राहून गाड्या जाताना पाहत होती. सासरी निघालेल्या पोरीकडे पाहावं तसं. ढीग आपला आहे, हे तिच्या लक्षात येत नाही.

१० मे.
काम फत्ते. दोन गडी लावून सगळा ढीग पुन्हा वर चढवला. त्यावर परसातल्या खड्ड्यातली काळी माती, भरपूर. आता धाब्यावर हातभर थर आहे. गल्लीत एवढं जाड धाबं कोणाचं नाही. शेजारी बघायला आले. एक म्हातारा नुसताच मान हलवत राहिला. कौतुकाला शब्द सुचले नसतील.
दया म्हणाली, मधली तुळई वाकली आहे, अर्धी माती तरी उतरवा. मी तिला समजावलं, वाकणं म्हणजेच भार सोसणं. न वाकणारी तुळई मोडते.
खाट आतल्या खोलीच्या उगवतीच्या कोपऱ्यात ठेवली. दयाला तिच्यावर झोपायला लावलं. म्हणालो, बघ, आता हलायचं नाही. ती पडून राहिली आणि दारातून दिसणाऱ्या मधल्या खोलीच्या तुळईकडे पाहत राहिली.
घर पाहावं बांधून म्हणतात. मी म्हणतो, पाहावं त्यात राहून.

१ जून, रविवार.
पाळकसाहेबांचं प्रवचन: खडकावर बांधलेलं घर आणि वाळूवर बांधलेलं घर. दया म्हणते, ते सारखे आपल्याकडे पाहत होते. साहजिक आहे, घराच्या विषयात इथं जाणकार कोण? व्याख्यानाची तारीख पक्की केली: रविवार, २७ जुलै. त्यानंतर सगळ्यांना आमच्या घरी चहा. नमुना म्हणून घर दाखवणार.

९ जून.
कालपासून पाऊस. एक थेंब नाही! रात्री दोनदा उठून भिंती चाचपल्या. कोरड्या. सकाळी साखरबाईला कार्ड टाकलं: मालक राहतो ते घर गळत नाही, कळावे.
दया शांत झोपली होती. खोकला नाही. तिच्याकडे पाहताना बरं वाटलं. हे घर घेताना तिच्या बांगड्या मोडल्या होत्या, चारही. पण खरेदीखतावर नाव माझं लागलं, म्हणून मालक मी. तरी तिलाही समाधान वाटत असेलच.

१८ जून.
धाब्यावर गवत उगवलंय. घर जिवंत असल्याची खूण.
मधल्या खोलीत थोडं ठिबकलं. इथं एक भेद नोंदवून ठेवतो, व्याख्यानात येईल. भाड्याचं घर गळतं. मालकाचं घर ठिबकतं. गळणं हा घराचा स्वभाव, ठिबकणं हा प्रसंग.

२९ जून.
प्रसंग आतल्या खोलीतही आला. खाट हलवली नाही, फक्त वीतभर सरकवली. दयानं उशी उचलून धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, सरकवणं वेगळं. ती म्हणाली, हो.

६ जुलै, रविवार.
झड. आठवडा झाला, ऊन नाही. परात, पातेली, रांजणाचं झाकण, सगळं जमिनीवर मांडलंय. स्वयंपाकाला भांडं उरलं नाही, त्यामुळे आपोआप उपास. मधलं दार वरून दाबलं गेल्यानं लागत नाही आणि उघडतही नाही, अर्धं तसंच राहतं. हवा खेळती राहते.
दयाला धाप. रात्रभर बसून काढली. मला बसून झोप येत नाही, म्हणून मी आडवा झालो.

८ जुलै.
म्हाळसा बाजाराला आली होती. अडुळशाचा पाला, मध आणि एक कोरी घोंगडी घेऊन आली. एवढं बोललो होतो मी, तरी आली. असल्या माणसांना लाज कमी असते. वर एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं नाही. दयाजवळ बसून पाठ चोळली. म्हणाली, आक्का, चार दिस निमोण्याला चल, आमचं घर ल्हान हाय पर कोरडं हाय.
मी नाही म्हणालो. मालकाच्या बायकोनं भाडेकरूकडे राहायला जावं? तेव्हा दया म्हणाली, म्हस्कू आता भाडेकरू कुठाय, त्याचं स्वतःचं घर आहे. हा पॉइंट बरोबर आहे. म्हस्कूला दुसऱ्या खात्यात टाकायला हवं. मग दयानं विचारलं, आणि मी कोणत्या खात्यात? बांगड्या माझ्या, घर तुमचं, मी यात कोण राहते?
वही चाळून पाहिली. या केसला खातं नाही.
घोंगडी खाटेवर घातली. वरचं पाणी तिच्यात मुरत नाही, ओघळून जातं. मेंढ्यांचा माल, दुसरं काय.

१३ जुलै, रविवार.
व्याख्यानाला फक्त चौदा दिवस. पहिलं वाक्य तयार: बंधुभगिनींनो, घर हा मालकाच्या मनाचा आरसा आहे. पुढचं अजून सुचलं नाही.
दया म्हणाली, पाऊस उघडला की माती उतरवू, मी टोपल्या वाहते. दम्याची बाई टोपल्या वाहणार! हसलो. ती हसली नाही. निश्चय: पुढल्या आठवड्यात मी स्वतः धाब्यावर चढून जिथं गळतं, म्हणजे ठिबकतं, तिथं पायानं माती दाबणार. सगळे तसंच करतात.

२० जुलै, रविवार. दुपार.
घडलं ते क्रमानं लिहितो.
दया प्रार्थनेला गेली. मी निश्चयाप्रमाणे धाब्यावर. माती भिजून लोण्यासारखी. मधल्या खोलीवर उभा राहून पाय दाबला. बरं वाटलं. जरा जोरानं दाबला. खालून आवाज आला, कोणीतरी मोठ्यानं घसा साफ करावा तसा. मग मी खाली होतो.
म्हणजे धाब्यासकट. मधला खण पूर्ण गेला. तुळई मधोमध मोडली. मी मातीत कमरेइतका. उजवा घोटा मुरगळला, बाकी देवाची कृपा. पडताना मी घराला सोडलं नाही, घरानंही मला सोडलं नाही. मालक आणि घर यांचं नातं ते हेच.
शेजाऱ्यांनी ओढून काढलं. तो म्हातारा पुन्हा मान हलवत होता.
दया धावत आली. आधी माझा पाय पाहिला, मोडला नाही याची खात्री केली. मग उभी राहून वर पाहिलं. तिथं आभाळ होतं.

२१ जुलै.
कोणी निरोप दिला कळत नाही, पण म्हस्कू आणि भिमा सकाळी गाडी घेऊन हजर. मला वाटलं, बोलायला आले. त्यांनी दिवसभर चिखल उपसला. दयाची भांडी एकेक करून शोधली, धुतली, ओट्यावर उलटी घातली.
मग म्हस्कू मला म्हणाला, आप्पा, आक्कांस्नी न्हेतो. त्येंचा श्वास बरा न्हाई. तुमीबी चला.
मी म्हणालो, घर उघडं टाकून मालकानं जायचं नसतं. दयाला म्हणालो, चार दिवसांनी ये. तिनं शाल घेतली, गायनाचं पुस्तक घेतलं, माझ्या घोट्याला तेल लावून पट्टी बांधली. गाडीत बसली. मागे पाहिलं ते घराकडे की माझ्याकडे, कळलं नाही. दोघं एका रेषेत होतो.
खाट इथेच आहे. आतला कोपरा शाबूत आहे. याचा अर्थ घर शाबूत आहे.

२७ जुलै, रविवार.
काठी टेकत मंडळीच्या देवळात गेलो. टिपणं सोबत. पाळकसाहेब म्हणाले, रणपिसेबंधू, आज आपण व्याख्यानाऐवजी प्रार्थना करू. मग त्यांनी आमच्या घरासाठी नाव घेऊन प्रार्थना केली. सगळ्यांनी डोळे मिटले. विषय तोच राहिला म्हणायचा.
चहाला कोणी आलं नाही. दूधही नव्हतं.

३ ऑगस्ट, रविवार. निमोणे, परत घोडनदी.
दयाला आणायला गेलो. एस.टी.नं, पुढे लंगडत.
म्हस्कूचं घर दोन खणांचं. बाहेरून गिलावा नाही, दाराला चौकट आहे, फळी नाही, पोतं लावलंय. मालक राहतो तरी ही कंडिशन, असं मनात नोंदवत होतो. मग आत गेलो. धाबं पातळ, पांढऱ्या मातीचं. वर पाऊस वाजत होता. आत काही नाही. मी उगाच हात पुढे करून पाहिला. काही नाही.
दया भिंतीला टेकून बाजरी निवडत होती. श्वासाचा आवाज येत नव्हता. बावीस वर्षं तो आवाज मी ऐकत आलो. तो नाही म्हटल्यावर खोली फार शांत वाटली, आणि मला तिथं उभं राहवेना.
म्हणालो, चल घरी.
तिनं विचारलं, खाट कुठं ठेवू?
मी सांगायला लागलो. उगवतीचा कोपरा, थोडी सरकवून, वरून ताडपत्री, पितळी मुठीची छत्रीसुद्धा आहे. ती ऐकत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी इथं भाड्यानं राहते असं म्हस्कूला सांगितलंय. तो नको म्हणतो, पण मी देणार, शिवणकाम करून देईन. उपकारानं राहायचं नाही आणि भिजायचंही नाही. आणि मग, अगदी हळू, जसं आजारी माणसाशी बोलावं तसं: खाट तेवढी पाठवा.
विचारलं, किती दिवसांसाठी? तिनं बाजरी पाखडायला घेतली.
म्हाळसानं जेवायला वाढलं. भाकरी, आमटी. म्हस्कू म्हणाला, आप्पा, आभाळ उघडलं की चौघं मिळून तुमचं घर उभं करू, जुन्या तुळया हायत्या की दोन. मी त्याला सांगितलं, विचार करून कळवतो. अजूनही त्याच्याशी मालकासारखंच बोललो. सवय.

६ ऑगस्ट.
निश्चय. १. आजपासून राग नाही. २. घर सप्टेंबरात उभं करायचं. ३. सर्व्हे पुन्हा, निःपक्षपातीपणे. ४. खाट पाठवायची नाही, मग दया आपोआप येईल.
साखरबाईचं कार्ड आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. तुमच्या बाजूचं धाबं पडलं, बरं झालं तुम्ही गेलात. नवा भाडेकरू मिळेना. तुम्हाला परत यायचं असेल तर कळवा.
पीटरलाही कार्ड टाकणार होतो. त्याच्या भिंतीची चौकशी करायची होती. ती अजून उभी असेल. टाकलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार. सायंकाळी.
भिमा गाडी घेऊन आला. खाट न्यायला. चौथा निश्चय सांगावा म्हणून तोंड उघडलं आणि नुसतं म्हणालो, उचल.
मालक म्हणून एक बाजू मी धरली. अर्ध्या दारातून ती निघेना. आडवी केली, उभी केली. बावीस वर्षांत ही खाट इतक्यांदा हलवली की तिच्या चारही पायांचं वजन माझ्या हाताला माहीत आहे. शेवटी मोडलेल्या खणातून, उघड्यावरून, बाहेर काढली. भिमानं तिच्यावर म्हाळसाची घोंगडी नीट पांघरली आणि दोरीनं बांधली. म्हणाला, आप्पा, गाडीत जागा हाय, बसा की. मी म्हणालो, घरात कोणीतरी पाहिजे. त्यानं बैलांना हाक दिली.

आत आलो. खाट होती तिथं खाटेएवढा चौकोन कोरडा होता. सगळ्या घरात तेवढाच. घोंगडीनं राखलेला.
त्यात बसून लिहितोय. छत्री उघडली आहे. पाऊस बारीक आहे, पण कडेनं ओल आत येते आहे, चौकोन लहान होतो आहे. मगाशी पाय लांब करता येत होते, आता जवळ घेतले आहेत.
थिअरीचं काही सुचत नाही. मला घर नको आहे. ती खाट परत यावी असं वाटतं, आणि तिच्यावर बसून कोणीतरी मला नावं ठेवावीत.
ही जागा दयाची आहे. मी इथं तात्पुरता आहे.